कढीपत्ता पानं गाळतोय? आधी कुंडीतली माती किती गार आहे ते बघा

डिसेंबर लागला की कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मराठी घरांमधनं एकच प्रश्न यायला लागतो, कढीपत्ता उन्हाळाभर बाहेर मस्त होता, आत घेतला आणि थोड्या दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली, काय करू? उत्तरंपण ठरलेली, पाणी वाढव, ताक घाल, खत घाल, जास्त उजेडात ठेव. यातलं काहीही करायच्या आधी कुंडीतल्या मातीचं तापमान मोजा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे घराची हीटिंग चालू-बंद करणारा डबा, २१ दाखवतो (इथले सगळे आकडे अंश सेल्सिअसमधले) तो हवेचा आकडा आहे, तोही छातीएवढ्या उंचीवरचा. कुंडी बेसमेंटच्या काँक्रीटवर किंवा खिडकीच्या काचेला चिकटून असेल तर आतली माती आरामात १४-१५ वर आलेली असू शकते, आणि झाडाची मुळं त्या मातीत असतात, थर्मोस्टॅटमध्ये नाही.

मोजायला वेगळं काही विकत आणायची गरज नाही, स्वयंपाकात वापरतो तो टोकदार प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर चालतो. कुंडीच्या कडेपासून दोन-तीन बोटं आत, निम्म्या खोलीपर्यंत हळूच खुपसा, मध्ये जाड मूळ लागलं तर जोर करू नका, जागा बदला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. वेळ महत्त्वाची आहे, पहाटे, ग्रो लाइट (घरात झाडं वाढवायचा दिवा) लागायच्या आधी मोजा कारण तेव्हा माती सगळ्यात गार असते. दुपारी मोजून २० आलं म्हणून खुश होण्यात अर्थ नाही.

आकडे साधारण असे धरा. कढीपत्ता, मिरची, टोमॅटो, तुळस ही सगळी उष्ण हवेतली झाडं, यांच्या मुळांना २० ते २५ मानवतं. १८ च्या खाली वाढ मंदावते, १५ च्या खाली जवळजवळ थांबते. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला, आणि लिंबूवर्गीय झाडांची मुळं १२-१३ च्या आसपास कामच बंद करतात. लगेच मरत नाहीत, पण पाणी ओढत नाहीत.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाणी गार झालं की घट्ट होतं, २५ अंशांच्या पाण्यापेक्षा १० अंशांचं पाणी जवळपास दीडपट चिकट असतं, शिवाय मुळांच्या पेशींमधली पाणी आत घ्यायची दारंही थंडीत नीट उघडत नाहीत. म्हणजे माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं. त्यात तुम्ही ते दक्षिणेच्या खिडकीत लख्ख उन्हात ठेवलंत की पानं जोरात पाणी सोडतात, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत आणि झाड पानं टाकून देतं. परदेशात घरात लिंबू वाढवणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहितीये, ऊन भरपूर, मुळं गार, आणि खाली पानांचा सडा. म्हणून गळती बघून उजेड वाढवला तर बरेचदा गळती वाढतेच.

लक्षणं कशी ओळखायची तर पहिलं, माती ओली पण पानं मरगळलेली. कुंडी उचलून बघा, जड लागतेय आणि तरी झाड मान टाकतंय तर पाणी कमी पडलेलं नाहीये, कृपा करून अजून घालू नका, इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात. गार आणि चिखल झालेल्या मातीत मुळं कुजतात आणि वर ती बारीक काळी चिलटं उडायला लागतात ती वेगळीच. दुसरं लक्षण मिरची-टोमॅटोच्या रोपांवर दिसतं, पानाची मागची बाजू आणि शिरा जांभळट होतात, कारण गार मातीतनं फॉस्फरस ओढला जात नाही. मातीत फॉस्फरस असतो, त्यामुळे वरनं अजून ओतून उपयोग नाही, नुसते क्षार साठत जातात. कढीपत्त्यावर नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर लोह ओढलं जात नाहीये, त्यामागेही गार मुळं असू शकतात. शेणखत, ताक, पेंडीचं पाणी यांचं तर हिवाळ्यात विसरा, ते पचवून झाडाला देणारे जिवाणूच गार मातीत सुस्त असतात, मग ते तसंच पडून वास मारतं.

उपायांत पहिला आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे कुंडी जमिनीवरनं उचला. काँक्रीट सतत उष्णता खेचत राहतं. हार्डवेअरच्या दुकानात इन्सुलेशनचा कडक फोमबोर्ड मिळतो, इंचभर जाडीचा तुकडा कापून खाली घाला, किंवा लाकडी स्टूल, काहीही, फक्त थेट फरशी नको. खिडकीतली कुंडी रात्री काचेपासून हातभर आत ओढा आणि पडदा काच आणि झाड यांच्या मधे येऊ द्या.

दुसरं पाणी. जानेवारीत इथल्या नळाचं पाणी ४-५ अंशांचं असू शकतं, ते थेट ओतलंत तर दिवसभर कमावलेली ऊब गेली. रात्री बादली भरून घरात ठेवा, दुसऱ्या दिवशी ते घाला, किंवा थोडं गरम मिसळून हाताला कोमट-गार लागेल इतकं करा. सकाळी घाला, रात्री नको. ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका.

कुंडीचा प्रकारही बघा. कापडी ग्रो बॅग आणि मातीची कुंडी उन्हाळ्यात फार छान, पण हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, कडेनं पाणी उडत राहतं आणि माठातलं पाणी गार होतं तशी आतली माती गार होते. हिवाळ्यापुरती ती प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवा, तळाला भोकं असलेल्या.

एवढं करून पहाटेचा आकडा १८ च्या वर येत नसेल तरच हीट मॅट, म्हणजे कुंडीखाली ठेवायची विजेवर गरम होणारी चटई, घ्या. हवेपेक्षा ५ ते १० अंश वाढवते ती, पण मॅट आपोआप चालू-बंद करणाऱ्या वेगळ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटवर नाही, मातीत जायला हवा, २२ वर सेट करा, आणि प्रोबची वायर कुंडीला दोरीनं बांधा. पाणी घालताना तो निसटून बाहेर आला की त्याला खोलीची गार हवा लागते, तो समजतो माती गार आहे, मॅट बंदच होत नाही आणि खालची मुळं भाजतात. मॅटच्या खाली फोमबोर्ड ठेवलात तर उष्णता वर जाते, फरशीत मुरत नाही. मॅट सुरक्षिततेसाठी सर्टिफाइड असू दे आणि प्लग पाण्यापासून वर. खालनं गरम झालेली कुंडी तळाकडनं वाळते, म्हणून वरची माती बघून नाही तर वजन बघून पाणी घाला.

ग्रो टेंट, म्हणजे आत दिवा लावून झाडं वाढवायचा छोटा तंबू, वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. कॅनडात ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाला, बहुतेक प्रांतांत घरी चार रोपं लावता येतात, त्यामुळे ग्रो टेंट आणि लाइटचं सामान इथं सहज मिळतं आणि आपल्या लोकांनी त्यात मिरच्या, मेथी, कढीपत्ता लावलाय, मला ते फार आवडतं. पण जुने सोडियमचे दिवे तापायचे, टेंट आपोआप उबदार राहायचा. एलईडी तेवढ्याच उजेडाला कमी वीज खातो, म्हणून उष्णताही कमी सोडतो, त्यामुळे आतली हवा २४ आणि कुंडी १६ हे अगदी सहज होतं. बेसमेंट फारच गार असेल तर लाइटचे तास रात्री ठेवा, म्हणजे सगळ्यात गार वेळेला दिवा चालू राहतो. मातीऐवजी नुसत्या पाण्यात झाडं वाढवणाऱ्यांनी टाकीतलं पाणी १८ ते २२ मधे ठेवावं. त्याच्या वर जाऊ नका, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि मुळं सडवणारे रोग जोर धरतात.

मिरचीचं उत्पन्न हवं असेल तर फुलं आल्यावर जास्त लक्ष द्या. मुळं गार आणि रात्रीची हवा १५-१६ च्या खाली, की फुलं देठासकट गळतात. झाड हिरवंगार दिसतं आणि मिरची एक नाही.

माती गरम केल्यावर गळालेली पानं परत येत नाहीत, नवीन फुटायला काही आठवडे लागतात, धीर धरा. फांदीवर नखानं हलकं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. कोंब दिसेपर्यंत खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की अर्ध्या मात्रेनं खत सुरू करा, आणि मे महिन्यात बाहेर काढताना दुपारच्या उन्हावर जाऊ नका, रात्री सलग १२ च्या वर राहायला लागल्या की मगच काढा.