बोलकं बाकडं करायला घेण्याआधी

करवत, रंधा, गुण्या, पटाशी, क्लॅम्प, फेव्हिकॉल यांची नावं लिहीत बसत नाही. ती घरात नसतील तर आधी स्टूल करा.

वस्तू काय ते सांगतो. चार फुटी बाकडं. त्यावर पोर बसलं की बैठक पुढून अर्धा इंच दबते, त्या हिसक्याने पाठीच्या माथ्यावरची खुंटी सरकते, एक गोटी सुटते, नागमोडी पन्हळीतून लाकडी पट्ट्यांवर टणटण करत उतरते आणि खालच्या खणात पडते. पोर उठतं, खण ओढतं, गोटी वर ठेवतं, परत बसतं. हे मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पुण्यात केलं आणि जूनच्या आरंभी टेम्पोत घालून चिपळूणजवळ ताईकडे पोचवलं. आषाढी एकादशीच्या सुमारास भाचीचा फोन आला, "मामा, तुझं बाकडं झोपलंय." बैठक फुगून पुढच्या आडपट्टीला घट्ट बसली होती. खणही तसाच. मी फट ठेवली नव्हती.

तर फट. बाकी यादी विसरलात तरी चालेल.

आता क्रमाने. आधी पुठ्ठ्याचं मॉडेल, पूर्ण मापात, निदान पाठीचं तरी. साधी काचेची गोटी १६ मिमीची असते, पन्हळ २० मिमी रुंद ठेवा. उतार फुटाला पाऊण इंच. जास्त दिलात तर गोटी वळणावर उडी मारून बाहेर येते, कमी दिलात तर मध्येच विचार करत थांबते. कागदावर हे कळत नाही, पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत कळतं. घरात तीन वर्षांखालचं मूल येणार असेल तर काचेची गोटी रद्द, ती थेट तोंडात जाते. पावणेदोन इंचांहून मोठा लाकडी चेंडू घ्या आणि सगळी मापं त्या हिशेबाने वाढवा. "आम्ही लक्ष ठेवतो" असं म्हणणारे आईबाप मी पाहिले आहेत.

लाकूड साग. जुन्या दारांचा मिळाला तर छान, पण आत तुटके खिळे असतात, लोहचुंबक फिरवल्याशिवाय करवत लावू नका. वखारीतला माणूस म्हणेल, साग हलत नाही. मलाही म्हणाला होता. साग इतरांपेक्षा कमी हलतो, एवढाच त्याचा अर्थ. लांबीत लाकूड वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. वाढतं ते रुंदीत, रेषांच्या आडवं. साध्या चिरलेल्या सागाच्या फळीत ओलावा एक टक्का वाढला की रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते. एप्रिलमध्ये पुण्यात लाकडातला ओलावा सात-आठ टक्के असेल तर जुलैत कोकणात सोळा-सतरा. माझी बैठक ४०० मिमी रुंद, एकसंध (किती मिरवलं होतं मी तिला). हिशेब करा, सात मिमी होतात. मागे बिजागरी, म्हणजे सगळी वाढ पुढे. आणि पुढे मी सोडली होती दोन मिमी, कारण बारीक रेघ सुबक दिसते.

पुढचा मूर्खपणाही सांगून टाकतो. ऑगस्टात जाऊन तिथेच रंधा मारला आणि परत दोन मिमी मोकळीक काढली. मुलं खूश. मे महिन्यात लाकूड आक्रसलं, तीच फट नऊ मिमी झाली आणि त्यात भाचीची करंगळी सापडली. साल निघाली, बाकी काही नाही, पण ताई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. खेळण्यांच्या बाबतीत साधा नियम आहे: हलणाऱ्या दोन भागांमधली फट पाच मिमीहून कमी हवी किंवा बारा-तेराहून जास्त. मधलं सगळं बोट चावणारं. म्हणजे फट ठेवायची आहे, पण वर्षभरात ती पाचाच्या वर जाता कामा नये, आणि एकसंध रुंद फळीने हे जमणारच नाही. ती वर्षात सात मिमी हलते, पाचात कुठे मावणार?

म्हणून बैठक चार पट्ट्यांची करा. प्रत्येक पट्टी साडेतीन-पावणेचार इंच रुंद, खालून दोन आडव्या दांड्या, प्रत्येक दांडीवर पट्टीच्या मधोमध एकच स्क्रू. दोन नाही, एक. पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. मग प्रत्येक पट्टी आपापली दीड-पावणेदोन मिमी हलते आणि पुढच्या कडेला त्यातलं जेमतेम अर्धं येतं. उन्हाळ्यात करत असाल तर सगळीकडे तीन मिमी फट. पावसात करत असाल तर दीड. कोणत्या महिन्यात माप घेताय ते पेन्सिलने फळीवर लिहा. खरंच लिहा.

खणाचा दर्शनी भागही वाढतो, वर तीन मिमी सोडा. फट! पाठ प्लायवूडची करा, इथे लाकडाचा अभिमान नको. रुंद सागावर पन्हळीच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या तर फळी एक तर वाकते नाही तर चिरते. आणि लाकूड आणल्यावर दोन-तीन आठवडे ज्या घरात बाकडं राहणार तिथेच ठेवा. जमत नसेल तर निदान वरचा हिशेब करा.

बैठक खाली दबते तिथेही बोट जातं. पूर्ण दबल्यावरही बैठक आणि खालची चौकट यांत तेरा मिमी उरतील असा अडसर आत, मध्यावर लावा. स्प्रिंग दोन, मुलाच्या वजनाला दबणाऱ्या. आजोबा बसले की अडसरावर टेकतील, टेकू द्या.

वाजणाऱ्या पट्ट्या शिसवीच्या. स्क्रूने आवळल्या तर ठक्‌ एवढाच आवाज येतो. प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर भोक पाडून दोरीवर टांगा, तिथे पट्टी जवळजवळ थरथरत नाही, म्हणून बाकीची मोकळी वाजते. टोक कापलं की सूर चढतो, मध्यावर खालून तासलं की उतरतो. मी रविवार घालवला आणि 'सा' कसाबसा लागला.

कडा गोल. पॉलिश पेपर १२०, मग २२०. पॉलिश वरून तेवढंच खालूनही, नाहीतर पट्ट्या वाकतात. जवसाचं तेल वापरलंत तर बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा. जादा गोट्या द्या, दहा तरी. टेम्पोत नेताना खण वेगळा.

आणि निघण्यापूर्वी फटीत तीन मिमीची पट्टी (पावसात केलं असेल तर दीडची) घालून चारही बाजूंनी फिरवा. अडकली तर टेम्पो परत पाठवा.