वटवाघळांच्या गुहांचा प्राधान्यक्रम लावण्यापूर्वीची तयारी

तीन वर्षांपूर्वी आम्ही सह्याद्रीच्या एका पट्ट्यातील चौदा गुहांची पाहणी केली, प्रत्येकीला गुण दिले आणि जिला सर्वांत आधी संरक्षण मिळायला हवे होते तिला तेराव्या क्रमांकावर ठेवले. आमची पाहणी डिसेंबर-जानेवारीत झाली होती आणि त्या गुहेत तेव्हा जेमतेम चाळीस पाकोळ्या, म्हणजे लहान कीटकभक्षी वटवाघळे, लटकलेल्या दिसल्या होत्या. मे महिन्यात तीच गुहा माद्यांची प्रसूतीची जागा असते हे आम्हाला कळले, तोवर तिच्या तोंडापर्यंत पायवाट आली होती, आत दिवे लागले होते आणि तळावर मेलेली पिल्ले पडली होती. आमच्या यादीत ती वर असती, तर ते काम थांबवण्याची विनंती तरी करता आली असती. हेच काम आता हाती घेणाऱ्यांनी पुढील तयारी केल्याशिवाय गुणांचा तक्ता उघडू नये.

हेल्मेट, बूट, दोर आणि माणशी दोन विजेऱ्या यांविषयी वेगळे सांगायला नको. तोंडावर मात्र साधा रुमाल न बांधता चांगला एन-95 मास्क लावावा, कारण साचलेल्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य रोगाची लागण होऊ शकते. वटवाघळांना हात लावू नये. एका गुहेतून दुसरीत जाण्यापूर्वी बूट आणि दोर धुवावेत.

परवानगीसाठी आधी गुहा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे. आपल्याकडे कातळ बहुतांशी बेसाल्टचा असल्याने मोठ्या नैसर्गिक गुहा थोड्या आहेत, आणि वटवाघळे लेणी, किल्ल्यांवरची भुयारे, सोडून दिलेल्या खाणी व बोगदे यांचाही आश्रय घेतात. त्यामुळे कुठे वन विभाग, कुठे पुरातत्त्व खाते, तर कुठे देवस्थान, अशी निरनिराळी दारे ठोठवावी लागतात आणि त्यात महिने जातात. हे महिने आधीच हिशेबात धरावेत, कारण परवानगी उशिरा आली म्हणून सोयीच्या ऋतूत पाहणी उरकणे हीच आमची चूक होती.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक गुहा वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत पाहिली पाहिजे आणि त्यातील एक पाहणी पिल्लांच्या काळातली असलीच पाहिजे. वटवाघळे एकच गुहा बारा महिने सारखी वापरत नाहीत. मिनिऑप्टेरस वंशाच्या पाकोळ्यांच्या माद्या दूरदूरच्या गुहांतून येऊन एखाद्याच उबदार, दमट गुहेत प्रसूतीसाठी एकत्र जमतात. अशी गुहा गेली, तर भोवतालच्या अनेक गुहांतील पुढची पिढी जाते, जरी त्या सर्व गुहा सुरक्षित राहिल्या तरी. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे एका उन्हाळ्यातील हानी भरून यायला वर्षे लागतात. डिसेंबरात गुहा रिकामी दिसली, याचा अर्थ ती डिसेंबरात रिकामी होती एवढाच आहे.

नुसता मे महिना धरूनही भागणार नाही. अनेक कीटकभक्षी जातींची पिल्ले पावसाच्या तोंडावर जन्मतात, पण गुहांत राहणाऱ्या रूझेटस या फलाहारी वटवाघळांच्या माद्या पश्चिम भारतात वर्षातून दोनदा, साधारण मार्चमध्ये आणि जुलैच्या सुमारास वितात. म्हणून आधी गुहेत कोणत्या जाती आहेत ते पाहावे आणि मग त्या त्या जातीप्रमाणे तारखा ठरवाव्यात. मोहिमेची दिनदर्शिका वटवाघळांच्या विणीवरून आखावी. सुट्ट्या, हवामान आणि सहकाऱ्यांची सवड त्यानंतर पाहावी.

पिल्लांच्या काळात गुहेच्या आत मात्र पाऊल टाकू नये. उजेड आणि आवाज यांनी माद्या बिथरल्या की पिल्ले खाली पडतात, आणि पडलेले पिल्लू सहसा वाचत नाही. या पाहणीसाठी सूर्यास्तापूर्वीच बाहेर बाजूला बसावे आणि उडून जाणारी वटवाघळे मोजावीत. एकाने बाहेर पडणारी मोजावीत, दुसऱ्याने परत आत शिरणारी, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करावा. एका संध्याकाळच्या मोजणीवर विसंबू नये, लागोपाठ तीन तरी घ्याव्यात. इन्फ्रारेड कॅमेरा मिळाला तर उत्तम.

विणीच्या काळात जाणे खरोखरच अशक्य असेल, तर निदान खुणा तरी वाचाव्यात. आत लटकलेल्या पाकोळ्यांच्या मानाने छतावरचा काळपट डाग फार मोठा असेल, खाली विष्ठेचा जाड थर असेल, त्यात बारीक हाडे सापडत असतील, तर इतर महिन्यांत तिथे खूप अधिक संख्या राहते असे समजावे आणि गुणांच्या रकान्यात 'अपूर्ण पाहणी' असे स्पष्ट लिहावे. तिथे शून्य लिहू नये. आम्ही ज्या गुहेला तेरावा क्रमांक दिला तिच्या छतावर असा डाग होता, त्याचे छायाचित्रही आमच्याकडे आहे, आणि तरीही आम्ही चाळीस हाच आकडा धरला. जवळच्या धनगरांना, गुराख्यांना आणि खतासाठी विष्ठा नेणाऱ्यांना विचारावे, पण 'इथे वटवाघळे आहेत का' असे विचारू नये. 'कोणत्या महिन्यात वास वाढतो, कोणत्या महिन्यात आतून चिवचिवाट येतो' असे विचारावे. आम्ही पहिला प्रश्न विचारला आणि 'थोडी आहेत' एवढेच उत्तर घेऊन परतलो.

गुण देताना गुहेचे मोल आणि तिच्यावरचे संकट हे दोन्ही वेगळे मांडावेत. फिलिपिन्समधील मिंदानाओ बेटावरील गुहांच्या आधारे 2018 मध्ये मांडलेला निर्देशांक हेच करतो: जातींवरून एक श्रेणी, आणि वाट, तोंड, पर्यटन, भोवतालचा जमीनवापर यांवरून दुसरी. दोन्हींची एकच बेरीज केली की मोलाची पण दुर्गम गुहा आणि सामान्य पण गजबजलेली गुहा सारख्याच दिसू लागतात. तथापि, एकाच ऋतूतील आकडे भरले तर उत्तम निर्देशांकही चुकीचाच क्रम देईल.

संख्येला फार महत्त्व देऊ नये. कर्नाटकातील कोलारजवळ हनुमानहळ्ळीच्या गुहेतील हिपोसिडेरॉस हायपोफिलस ही जात काही शेकड्यांतच उरली आहे आणि ग्रॅनाइटच्या खाणकामाने तिचा आसरा धोक्यात आला. नुसती डोकी मोजली असती तर ती गुहा कोणत्याही यादीत तळाशी गेली असती. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलातील बारापेडे गुहेचेही तसेच. रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचे वर्णन 1913 मध्ये झाले आणि त्यानंतर कित्येक दशके ही जात जगात तेवढ्या एकाच ठिकाणाहून माहीत होती. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियात आढळली, पण म्हणून बारापेडेचे मोल कमी झालेले नाही.

गावात बोलण्याचीही तयारी हवी. महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याविषयी लोक विचारणारच. तो प्रश्न टाळू नये. गुहेत शिरू नये, उष्टी फळे खाऊ नयेत आणि वटवाघळांना डिवचू नये, हे शांतपणे सांगावे. धूर करून त्यांना हाकलले तर ती वस्तीच्या आणखी जवळ येऊ शकतात, हेही सांगावे.

पुढचे थोडक्यात. गुहांचे नेमके स्थान जाहीर अहवालात देऊ नये. गुहेच्या तोंडाला भरीव दार कधीही बसवू नये, आडव्या गजांचे फाटकही सर्व जातींना चालत नाही, म्हणून आधी त्या जातीचे उड्डाण पाहावे. क्रम दर तीन वर्षांनी तपासावा. अहवालातील प्रत्येक आकड्याशेजारी पाहणीचा महिना लिहावा, आणि ज्या गुहेसमोर विणीच्या काळातील एकही तारीख नाही तिला क्रमांक देऊ नये.