दोन डेंटल कॉलेजांत नंबर लागलाय? आधी पेशंट म्हणून जाऊन या

आमच्या भाचीला एक सीट राज्याच्या कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची फेरी) लातूरला मिळाली, दुसरी पुण्याच्या अभिमत विद्यापीठात. घरात आठवडाभर नुसता काथ्याकूट. शेवटी आम्ही दोन्हीकडे दात दाखवायला गेलो, आणि मग निर्णय एका दिवसात झाला.

१. साध्या कामाच्या दिवशी सकाळी ओपीडीत केसपेपर काढा आणि त्यावरचा नंबर टिपून ठेवा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी खेड्यापाड्यातली गर्दी एरवीपेक्षा जास्त असते.

२. दुपारी ओपीडी बंद होता होता सोबत आलेल्या दुसऱ्या कुणाच्या तपासणीचा केसपेपर काढा. दोन नंबरांतला फरक म्हणजे साधारण तेवढे पेशंट. बीडीएसच्या (दंतवैद्यकाची पदवी) तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आणि इंटर्नशिपला हेच पेशंट मुलांच्या हाताखाली येतात. पेशंट नसतील तर दात काढणं, रूट कॅनाल शिकणार कशावर?

३. खुर्च्या मोजा. किती चालू, किती कापडाखाली झाकलेल्या? आम्ही पाहिलं त्या एका विभागात निम्म्या खुर्च्यांवर धूळ होती.

४. इंटर्नला गाठून विचारा, "ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायला पेशंट मिळतात, की स्वतः आणावे लागतात?" मुलं खरं सांगतात.

५. हत्यारं आणि साहित्याचा पाच वर्षांचा खर्च सीनियरकडून लिहून घ्या, फीच्या पत्रकात तो बहुधा नसतो.

एक जपा: मूळ कागदपत्रं जमा करण्याआधी प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख बघा. ती उलटली की कागद आणि पैसे दोन्ही अडकू शकतात.