सुझदल कसे पाहावे: मॉस्कोहून जाऊन एक रात्र मुक्काम

सुझदल हे रशियातले जुन्या चर्चेस आणि मठांचे छोटे गाव. मॉस्कोहून सकाळी जाऊन रात्री परत, असे सुझदल विकणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. त्या टाळा. बसगाड्या निघून गेल्यावरच हे गाव पाहण्यासारखे होते.

निघण्याआधी दोन कामे. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, तो वेळेत काढा. आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे २०२२ पासून तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो नेऊन मॉस्कोतच रुबल करून घ्या.

सुझदलला रेल्वे नाही. लोहमार्ग जवळच्या व्लादिमीर शहरावरून गेला, हे बाजूला राहिले आणि म्हणूनच वाचले. जलद गाडीने पावणेदोन-दोन तासांत व्लादिमीर गाठा. स्टेशनसमोरच बसस्थानक आहे. तिथून सुझदल २६ किलोमीटर. सुझदलचा थांबा गावाबाहेर पडतो, पुढे टॅक्सी करा किंवा चाला.

सुरुवात क्रेमलिनपासून, म्हणजे सुझदलच्या जुन्या किल्ल्यापासून करा. निळ्या घुमटांवर सोनेरी तारे असलेले कॅथेड्रल १२२२ ते १२२५ मधले. वरचा विटांचा भाग मात्र सोळाव्या शतकातला. आतले दरवाजे सोडू नका: तांब्याच्या पत्र्यावर सोन्याने काढलेली बायबलमधली दृश्ये. नंतर कामेन्का नदी ओलांडून लाकडी वास्तूंचे संग्रहालय पाहा. तिकिटे वेगवेगळी असतात आणि सुट्टीचे वारही, तेवढे आधी तपासा.

दुपारी उत्तरेकडे, येवफिमी मठाकडे. लाल तटबंदीच्या आत १६१२ मध्ये पोलिश सैन्याला मॉस्कोतून हुसकावणाऱ्या राजकुमार पोझार्स्कीची समाधी आहे आणि सम्राज्ञी कॅथरिन दुसरीने १७६६ मध्ये सुरू केलेला तुरुंगही. ठरावीक वेळी घंटा वाजवतात. ती वेळ साधूनच जा. मठाबाहेरच्या उंचवट्यावरून खाली पांढरा पोक्रोव्स्की मठ दिसतो. मूल होईना म्हणून मॉस्कोचा राजा वासिली तिसरा याने आपल्या राणीला, सोलोमोनियाला, संन्यास देऊन तिथेच धाडले. दुसऱ्या राणीचा मुलगा तो पुढे झार झालेला इव्हान द टेरिबल. या मठात आजही जोगिणी राहतात, तेव्हा बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यावा.

जेवणात शाकाहारींनी ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे. ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, आणि इथली प्रसिद्ध खारवलेली काकडी मिळतेच. मेदोवूखा हे मधाचे पेय गोड लागले तरी मद्यच आहे.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने चार किलोमीटरवरच्या किदेक्षा गावाला जा. तिथले चर्च ११५२ चे. परतताना वेळ उरला तर व्लादिमीरजवळच्या बोगोल्युबोवोला जाऊन नेर्ल नदीकाठचे एकटे पांढरे चर्च गाठा. कुरणातून दीडेक किलोमीटर चालावे लागते, आणि वसंतात पूर आला की वाटच पाण्याखाली जाते.