मुख्य गायक बँड सोडून गेला? निदान या चुका तरी टाळा

हुकमी माणूस गेला की आठवड्याभरात त्याच्यासारखाच आवाज शोधायची धावपळ सुरू होते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जाणारा माणूस फक्त गात नसतो. म्हणून आधी वही काढा आणि त्याची कामं लिहा: मुख्य आवाज, शब्द, चाली, गाण्यांचा क्रम, दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, तालमीला सगळ्यांना गोळा करणं. प्रत्येक कामापुढे उरलेल्यांपैकी कुणाचं तरी नाव घाला. ज्यापुढे नाव सुचणार नाही, तेवढ्यासाठीच बाहेरचा माणूस शोधा.

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण बघा. १९७५ साली त्यांचा मुख्य गायक पीटर गेब्रिएल गेला. बँडने बऱ्याच गायकांच्या चाचण्या घेतल्या आणि शेवटी माइकसमोर उभा राहिला तो त्यांचाच ड्रमर, फिल कॉलिन्स. खरं तर १९७१ आणि १९७३च्या अल्बमांत त्याने एकेक गाणं मुख्य आवाजात गायलं होतं. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! १९७६ला 'अ ट्रिक ऑफ द टेल' आला, चांगला चाललाही. पण ड्रमर पुढे आला की मागची जागा रिकामी होते, हा दुसरा हिशोब लोक विसरतात. जेनेसिसने तो केला: १९७६च्या दौऱ्यात बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर बसला, १९७७पासून चेस्टर थॉम्पसन.

घाईवाली मंडळी इथे एसी/डीसी या रॉक बँडचा दाखला देतात. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये वारला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आला. बरोबर, पण रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) रचणारे यंग बंधू बँडमध्येच होते. तुमचा चाली बांधणाराच गेला असेल, तर पाच महिन्यांचं हे गणित तुमच्या कामाचं नाही.

आता पट्टी. नवा गायक जुन्या पट्टीत ओढूनताणून गातो आणि सगळे 'सवय होईल' म्हणत बसतात. होत नाही, घसा बसतो. त्याला एकामागून एक सहा-सात गाणी गाऊ द्या आणि सगळ्यात वरचा सूर असलेलं गाणं शेवटी ठेवा. ताज्या गळ्याने लागलेला सूर मोजू नका. थकल्यावर लागतो तो खरा. गाण्याचा सगळ्यात वरचा सूर त्याहून निदान अर्धा सूर खाली येईल, अशी पट्टी धरा. गिटार अर्धा सूर उतरवली तर बहुतेक वेळा निभावतं. दोन अर्धे सूर उतरवायचे असतील तर ९च्या बारीक तारा सैल पडून खडखडतात, १० किंवा ११च्या जाड तारा लावा. त्याहून खाली जायचं असेल तर कॉर्डचे आकार बदलून गाणं नव्याने बसवा. कॅपोने (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) पट्टी फक्त वर जाते, हे दर तालमीत कुणाला तरी सांगावं लागतं. कीबोर्डवाल्यांनी ट्रान्स्पोजचं (पट्टी बदलण्याचं) बटण गाणं संपताच शून्यावर आणावं. पुढचं गाणं बेसूर सुरू होण्याचं नेहमीचं कारण तेच असतं.

जुना साचाही लवकर सुटत नाही. गायक इयन कर्टिस वारल्यावर जॉय डिव्हिजन या बँडने नाव बदलून न्यू ऑर्डर केलं, पण १९८१चा 'मूव्हमेंट' हा अल्बम तोच जुना निर्माता आणि तीच काळोखी घेऊन आला. स्वतः निर्मिती करू लागल्यावर, सिक्वेन्सर (सुरांचे तुकडे आपोआप वाजवणारं यंत्र) आणि नाचाचा ठेका हाती घेतल्यावर १९८३चं 'ब्लू मंडे' हे गाणं निघालं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत जुन्या गाण्यांपैकी निम्मी बाजूला ठेवा आणि निदान दोन नवी, नव्या माणसासोबत, कोऱ्या पाटीवर बसवा. जुनी कुठली ठेवायची हे नव्याला ठरवू द्या. श्रोते कुरकुरतील, कुरकुरू देत.

नव्याला पाहुणा ठेवणं तर आणखी वाईट. मेटालिका या बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ला वारला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये त्याचा बेस कान टवकारला तरी ऐकू येत नाही. मिक्स ऐकताना प्रत्येक वाद्य पाच मिनिटं बंद करून पाहा. नव्याचं वाद्य बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही, तर त्याचा आवाज वाढवा किंवा त्याला दुसरं काही वाजवायला द्या.