टीम डिनरचं बुकिंग: तारीख, ‘प्लस प्लस’ आणि स्टार्टर्सचा हिशेब

वीस-पंचवीस जणांच्या टीमला भारी हॉटेलात जेवायला न्यायचं असेल तर झोमॅटो नंतर, आधी कालनिर्णय उघडा. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांना गुरुवार आवडतो, कारण शुक्रवारी-शनिवारी टेबल मिळायची मारामार असते. पण वर्षअखेरच्या पार्ट्या नेमक्या मार्गशीर्षाच्या आसपास येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कितीजणींचा उपास असतो, संध्याकाळी घरी महालक्ष्मीची पूजा असते, आणि बरेचजण तो महिनाभर सामिष खात नाहीत. त्यामुळे बुधवार बरा. श्रावण आणि नवरात्रात हाच विचार करा. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघा, कारण तोवर उपास सुटत नाही. रमजानमध्ये इफ्तारची वेळ बघून सुरुवात ठरवा. शिवाय ड्राय डे: 2 ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो, पण निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या 48 तास आधीपासून दारू बंद असते, हे विसरलं जातं.

तारीख ठरली की टीमला छोटा फॉर्म पाठवा. ‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढ्यावर थांबू नका. जैन (कांदा, लसूण, बटाटा नको), अंडं चालतं का, कशाची ॲलर्जी आहे का आणि ड्रिंक्स घेणार का, हे वेगवेगळे प्रश्न ठेवा. अंड्याचा प्रश्न मुख्यतः डेझर्टसाठी असतो. केक-मूसमध्ये अंडं आहे हे शाकाहाऱ्याला खाऊन झाल्यावर कळणं वाईट.

जागा निवडताना पदार्थांच्या आधी टेबलं बघा. चोवीस जणांचं एकच लांब टेबल फोटोत छान दिसतं, पण या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी रात्रभर बोलत नाही. आठ-आठची तीन गोल टेबलं किंवा स्वतंत्र खोली मागा. ज्या वारी जाणार त्याच वारी साडेआठला एकदा चक्कर मारा. दुपारी शांत वाटलेल्या जागेत रात्री डीजे असू शकतो. रूफटॉप असेल तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का आणि तो मोकळा आहे का, हे स्वतः बघा. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत 14 जण गेले. हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

खाण्याची पद्धतही संख्येशी जुळायला हवी. मुंबईत महालक्ष्मी भागातल्या ‘मास्क’ रेस्टॉरंटसारखं टेस्टिंग मेन्यूचं (एकामागून एक ठरलेले छोटे कोर्स येतात असं) ठिकाण सहा-आठ जणांना शोभतं; चोवीस जणांत कुणीतरी चौथ्या कोर्सलाच घड्याळ बघायला लागतं. मोठ्या टीमला मध्ये ठेवून वाटून खाण्याचं जेवण सोपं जातं, उदाहरणार्थ मुंबईच्या आयटीसी मराठा हॉटेलातल्या ‘पेशावरी’ रेस्टॉरंटसारखं कबाब, दाल आणि मोठा नान.

आता दर. बँक्वेट मॅनेजर फोनवर ‘पंचवीसशे प्लस प्लस’ म्हणतो, तेव्हा ते दोन प्लस कुठले हे लगेच विचारा: सहसा सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के. म्हणजे 2,500 वर आधी 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर 18 टक्के धरले की माणशी 3,245 होतात. चोवीस जणांचे 77,880. तुम्ही साहेबांना सांगितलेले असतात साठ हजार. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर स्वतःच्या करातून वजा करायची सोय) कंपनीला साधारणपणे मिळत नाही, तेव्हा तो खर्चातच धरा. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचना मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरल्या. पण बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा कोटेशनमधूनच तो काढून घ्या.

‘मिनिमम गॅरंटी’ म्हणजे कमी माणसं आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात. चोवीस जण हो म्हणाले तर गॅरंटी एकवीसची द्या आणि वरच्या तिघांची सोय होईल असं लिहून घ्या. ऐनवेळी दोघं-तिघं गळतातच. अंतिम आकडा 48 तास आधी कळवा. ॲडव्हान्स किती, रद्द केलं तर किती परत, खोली किती वाजेपर्यंत, हे सगळं ईमेलवर हवं. फोनवरचा मॅनेजर त्या दिवशी सुट्टीवर असतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्टार्टर्समध्ये. चोवीसांत नऊ शाकाहारी म्हणून हॉटेल व्हेज स्टार्टर नऊजणांपुरते काढतं. पण पनीर टिक्क्याच्या प्लेटला सगळेच हात लावतात, आणि ती शाकाहारी माणसापर्यंत पोचते तेव्हा उरलेला असतो कांदा. व्हेज स्टार्टर पूर्ण चोवीस जणांचे आणि नॉनव्हेज पंधरा जणांचे सांगा. तंदूरमधून एकदम सगळं येऊ देऊ नका. दोन फेऱ्यांत, वीस मिनिटांच्या अंतराने मागवा. जैन पदार्थ बशीवर खूण करून त्या माणसासमोर ठेवायला कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, सांगा. मेन कोर्सची वेळही आधीच सांगून ठेवा, पावणेदहा. नाहीतर स्टार्टर्सवरच पोटं भरतात आणि बिर्याणी तशीच परत जाते.

बारसाठी रकमेची मर्यादा ठरवा आणि ती ऐंशी टक्क्यांवर आली की कॅप्टनने फक्त तुम्हाला येऊन सांगावं, टेबलावर जाहीर करू नये. कुठले ब्रँड चालतील त्याची यादी आधी द्या, नाहीतर एक सिंगल माल्ट अर्धी मर्यादा खातं. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वय 25 लागतं, माइल्ड बिअरला 21. टीममधले बावीस-तेवीसचे फ्रेशर्स लक्षात ठेवा. दारूवर जीएसटी नसून व्हॅट लागतो, म्हणून तिचं बिल वेगळं मागा. अनेक कंपन्या ती रक्कम पास करत नाहीत, तेव्हा हे आधीच अकाउंट्सला विचारा.

ज्याच्या कार्डावर पैसे जाणार तो माणूस फोनसकट तिथे हवा, कारण ओटीपी त्याच्याकडे येतो. उशिरा निघणाऱ्यांच्या, विशेषतः एकट्या जाणाऱ्या मुलींच्या कॅब साडेदहाच्या आत बुक करा. बिल हातात आलं की माणसांची संख्या, पेग आणि पाण्याच्या बाटल्या मोजा; बाटल्यांचा आकडा हमखास फुगलेला असतो. कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर तिथेच तपासा. नंबर चुकला असेल तर बिल त्याच रात्री बदलून घ्या, कारण दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर कॅशियर ते बदलायला तयार होत नाही.