यमक शिकवताय? या चुका टाळा

"शेवटचं अक्षर सारखं आलं की यमक." घरोघरी आणि बालवाडीत मुलांना हेच सांगितलं जातं, आणि घोळ इथेच सुरू होतो. मोठ्या गटातलं मूल 'घर' ऐकून 'मोर' म्हणतं. नियमाप्रमाणे बरोबर आहे, दोन्हींचा शेवट 'र'. मग ताई मान हलवून 'नाही' म्हणतात आणि मूल बुचकळ्यात पडतं. घर–सर–वर जुळतात, मोर–चोर–दोर जुळतात, पण घर–मोर नाही. कारण शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. 'माती'ला 'पाती' चालतं, 'रेती' कानाला खटकतं.

त्यात आपल्या भेंड्या. लोणावळ्यापर्यंत गाडीत भेंड्या खेळत गेलेलं मूल 'भात' म्हटल्यावर 'तवा' म्हणालं तर ते चुकलेलं नाही, ते दुसराच खेळ खेळतंय. म्हणून या वयात व्याख्या सांगूच नका. शब्दाचा शेवट जरा लांबवून म्हणा, 'हाऽत, भाऽत, साऽत', आणि मुलालाही तसंच म्हणायला लावा. अक्षरओळख नसली तरी काही अडत नाही. हे कानाचं काम आहे. पाटी-पेन्सिल तर बाजूलाच ठेवा.

अर्थ मध्ये येतो

'हात'ला जुळणारा शब्द विचारला की 'पाय' हे उत्तर हमखास येतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला शब्द म्हणजे वस्तू. त्याच्या आवाजाकडे वेगळं लक्ष द्यायचं असतं हेच त्याला नवीन असतं. "चूक" म्हणू नका. "हात-पाय एकत्र असतात खरं, पण आवाज जुळला का रे?" एवढं पुरे.

बऱ्याचदा सापळा आपणच लावतो. 'कान, पान, नाक' यांतला वेगळा शब्द ओळखायला दिला की मूल 'पान' निवडतं, कारण कान आणि नाक चेहऱ्यावर असतात! सुरुवातीला 'कान, पान, बस' द्या. खेळ अंगवळणी पडला की मग 'नाक' आणा.

भात-बित

ही अडचण खास आपली. "भात-बित खाल्लास का?", "पोहे-बिहे करू का?" असं घरात दिवसभर कानावर पडतं, म्हणून मूल 'भात'ला 'बित' सांगतं. पहिला आवाज बदलायचा आणि मागचा ठेवायचा, हे त्याला अर्धं कळलेलं असतं. फक्त मधला स्वर बदललाय. त्याला म्हणा, 'बि' नको, नुसता 'ब' लावूया: भात–बात, पोहे–बोहे, डबा–बबा. मुलं हसत सुटतात आणि स्वर कसा टिकवायचा ते त्या हसण्यात शिकतात.

'बोहे'ला अर्थ नाही म्हणून तो खोडून काढणं ही मात्र मोठ्यांची चूक. निरर्थक शब्द जुळवता येणं हा उलट भक्कम पुरावा, कारण तो पाठ केलेला असूच शकत नाही. याउलट स्नेहसंमेलनात पाच बडबडगीतं हावभावांसह म्हणणारं मूल यमक ओळखतंच असं नाही. 'मोठा–खोटा' असं थोडं सैल जुळवलं तरी चालू द्या, ठ आणि ट यांवर वाद घालायचं हे वय नव्हे.

कार्डं आणून भागत नाही

अप्पा बळवंत चौकातून चित्रांची कार्डं आणली, पोळी–गोळी–होळी–झोळी असा संच लावला, आणि मुलाने पहिल्याच चित्राला 'चपाती' म्हटलं की सगळा डाव फिसकटला. आधी प्रत्येक चित्राचं नाव सगळ्यांनी मिळून म्हणा, मग खेळ. चित्राखाली शब्द छापलेला असेल तर झाका, नाहीतर अक्षरं येणारी मुलं कान बंद करून डोळ्यांनी उत्तर देतात.

घाई

पहिल्याच दिवशी "जुळणारा शब्द सांग" हा सगळ्यात अवघड प्रश्न विचारला जातो. आधी नुसतं ऐकू द्या, मग "जुळतं का?" विचारा, मग तीन शब्दांतला वेगळा ओळखू द्या, स्वतः शब्द तयार करणं सर्वांत शेवटी. "जुळतं का?" विचारताना न जुळणाऱ्या जोड्याही तितक्याच हव्यात, कारण काही मुलं प्रत्येक प्रश्नाला खुशीत "हो" म्हणतात आणि आपल्याला वाटतं, आलं. वेगळा शब्द ओळखण्याचा खेळ किरकोळ समजू नका. ब्रॅडली आणि ब्रायंट या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना असेच शब्द दिले होते. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की यात तरबेज असलेली मुलं पुढे वाचनातही सरस ठरतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाने 'रस'ला 'बस' सांगितलं तर शाबासकी द्या, भाषा कोणतीही असो, कान तोच. इंग्रजी स्पेलिंगवर मात्र विसंबू नका: 'कम' (come) आणि 'होम' (home) यांची शेवटची तिन्ही अक्षरं सारखी, आवाज वेगळा. आणि शनिवार–रविवार–बुधवार ही पेठांची यादी यमकाचं उदाहरण म्हणून देऊ नका. तिथे 'वार' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'वार'ला 'चार' किंवा 'दार' द्या.

तरीही जमत नसेल तर

'घर'ला 'घल' आणि 'सर'ला 'सल' म्हणणाऱ्या मुलाचं यमक जुळलेलंच आहे. र आणि ळ उशिरा येतात; या खेळात उच्चार सुधारत बसू नका. पण रोज पाच-सात मिनिटं, दोन-तीन महिने खेळूनही मोठ्या गटातलं मूल 'भात–हात' आणि 'भात–मोर' यांतला फरक सांगू शकत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर सराव वाढवण्याआधी कान तपासून घ्या. पावसाळ्यात सर्दी लांबली की लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं आणि ऐकू कमी येतं. तोवर वर्गात त्याला ताईंच्या समोर, पहिल्या रांगेत बसवा.